दगडांची मागची बाजू

९ फेब्रुवारी

ठमे,

रागावू नकोस, सवयीने हात तसा वळला. चाळिशीच्या बाईला बापाने ठमे म्हणू नये, हे तू मला बजावलेलं आहेस. पण दुसरं काही लिहायला घेतलं की पत्र ऑफिसला चाललंय असं वाटतं.

पोचल्याचं तू कळवलं नाहीस. गाडी वेळेवर गेली एवढं मी स्टेशनवर विचारून घेतलं. हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत आईचा राखाडी स्वेटर होता, तो तू नेलास का? नेला असलास तर चांगलंच केलंस. फक्त सांग, म्हणजे मी शोधायचा थांबतो.

निघताना दारात उभं राहून तू दोन प्रश्न विचारलेस. ‘आई बाहेर गेलीच कशी?’ आणि ‘ती उलट का फिरली?’ तीन वर्षांत तू माझ्याशी बोललेली एवढीच दोन वाक्यं, त्यामुळे शब्द न् शब्द लक्षात आहे.

पहिल्याचं उत्तर मी तिथेच दिलं होतं, तेच परत लिहितो. त्या मंगळवारी कडी लावायची राहिली. तू सांगितलं होतंस तशी कडी मी दाराला वर बसवली होती, आईचा हात पोचणार नाही इतकी वर. मी मागच्या खोलीत रंगाचे डबे आवरत होतो. एका डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, ते पेचकसाने उचकटत होतो. निळ्या मुठीचा पेचकस. तेवढ्यात ती गेली. दुपारचे तीन दहा झाले होते.

दुसऱ्याचं उत्तर मला माहीत नाही. पण तू ती वाट कधी पाहिलेली नाहीस, म्हणून आधी वाट सांगतो. रस्ते खात्यात बत्तीस वर्षं मोजणी केली आणि निवृत्त झालो, तेव्हा पर्यटन कार्यालयाने मला बोलावलं. आपल्या भागात जुन्या गोष्टी पुष्कळ, पण बघायला कोणी येत नाही. त्या एकमेकींना जोडणाऱ्या सहा पायवाटा आखायच्या, कोणालाही झेपतील अशा, आणि त्यांची पुस्तिका काढायची. पुस्तिकेचं नाव ‘सोप्या पायवाटा’. त्यातली चार नंबरची वाट आपल्या दारापासून दोनशे पावलांवर, तीन कमानींच्या पुलाशी सुरू होते. पूल, पाणचक्की, टेहळणीचा बुरूज, घोड्यांच्या पागेची भिंत आणि परत पूल. साडेचार किलोमीटर, दीड तास, त्रेचाळीस पिवळे बाण. एका फेरीत माणूस परत घरी.

आईची काठी बुरुजापाशी बाकाला टेकवलेली मिळाली. म्हणजे बुरुजापर्यंत ती नीट आली. तिथून घर फक्त वीस मिनिटं. आणि ती सापडली जुन्या दगडखाणीत. खाणीकडे जायला बुरुजावरून मागे फिरून तिठ्यावर चुकावं लागतं. डॉक्टर म्हणतात या आजारात माणसाला दिशा राहत नाही, त्यात कारण शोधू नका. मी ते मान्य केलंय. तूही कर.

तब्येतीला जप.

बाबा

२१ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर नाही. हरकत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हा पीळ तू कुठून घेतलास ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

काल पर्यटन कार्यालयातले साहेब आले होते. बारीक अंगाचे, खुर्चीत नीट न बसणारे. आधी हळहळले, मग बॅगेतून पुस्तिकेची नवी प्रुफं काढली. दुसरी आवृत्ती निघतेय. म्हणाले, “चार नंबरच्या वाटेचं काय करायचं, बघा. झाल्या प्रकाराचा उल्लेख नको, लोक घाबरतील.” मी म्हटलं, “मग वाटच काढून टाका.” म्हणाले, “अहो, सगळ्यात लोकप्रिय तीच आहे.” माझ्याच शब्दांत तिथे छापलंय, ‘सोपी. ज्येष्ठांना व लहान मुलांना योग्य. विचार न करता चालता येते.’ हे शेवटचं वाक्य मला भारी आवडलं होतं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “म्हणजे तुमच्यासारख्यांसाठी.”

बाण कसा काढतात ते तुला सांगतो. रंग लावायच्या आधी दगड तारेच्या ब्रशने घासायचा, नाहीतर शेवाळाबरोबर रंग उतरतो. समोरून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना दिसेल त्याच अंगावर बाण काढायचा. मागचं अंग कोरं सोडायचं. दोन्हीकडे बाण असले की लोक गोंधळतात, कोणता जायचा आणि कोणता यायचा. वाट गोल आहे, सगळे एकाच बाजूने फिरणार, मग मागे कशाला रंग? हा नियम ऑफिसचा नाही, माझा आहे. मी तो लेखी दिला होता.

आईला मी बाण शिकवले. तिचं विसरणं वाढत गेलं तसं मला वाटलं, डोक्यात राहत नसेल तर पायांत राहील. वर्षभर रोज दोघं गेलो. पिवळं दिसलं की तिकडे, मग पुढचं पिवळं. नाकासमोर चालायचं. मी सवयीने पुढे, ती मागे. तू लहान होतीस तेव्हाही असंच होतं आणि तेव्हाही तिचा एकच विनोद होता. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, म्हणून मी मागे. वाटेत मी पावलं मोजायला लागलो की म्हणायची, “अहो, तुम्ही मोजणीला आलात की फिरायला?” घरातल्या खोल्या ती विसरली, पण बाण विसरली नाही. पुढे पुढे तर दीड तासाच्या आत यायची. एकदा एक तास बावीस मिनिटांत आली. मी घड्याळ घेऊन दारात उभा असायचो.

हे शेवटचं वाक्य लिहून मी उठलो होतो. घरात दोन चकरा मारून परत बसलोय. दारात उभा असायचो म्हणजे तिच्याबरोबर नसायचो. तू वाचताना इथे थांबली असशील, तुझी नजर लहानपणापासून तशीच आहे. खोडणार होतो. खोडत नाही.

आज पुढे लिहवत नाही.

बाबा

२२ फेब्रुवारी

ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?

कडी राहिली नव्हती. मी काढली. झाकण, पेचकस, निळी मूठ, सगळं मी तू दारात उभी असताना तिथल्या तिथे रचलं आणि मग पत्रात व्यवस्थित मांडलं. तीन दहा मात्र खरे, कारण मीच घड्याळ बघून तिला पाठवलं.

स्वेटर चढवला. बटणं लावून दिली. काठी हातात दिली. पुलापर्यंत हात धरून नेलं, पहिल्या बाणाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, “हं, निघा.” ती म्हणाली, “आणि तुम्ही?” मी म्हटलं, “मी आलोच मागून.”

हे असं पाच महिने चाललं होतं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. ती दर वेळी विचारायची, “आणि तुम्ही?” मी दर वेळी म्हणायचो, “मी आलोच मागून.” पूल ओलांडेपर्यंत ती ते विसरायची आणि बाणांच्या मागे चालायला लागायची. ती विसरते या भरवशावरच माझं सगळं चाललं होतं.

कशासाठी, ते विचारशील. ऐक. सकाळी डोळे उघडल्यापासून ती मला एकच विचारायची, ‘ठमी शाळेतून आली का?’ येईल म्हटलं की दोन मिनिटं गप्प, मग परत, ‘ठमी शाळेतून आली का?’ ती मोठी झाली, दूर राहते, असं एकदा सांगितलं तर इतकी रडली की पुन्हा सांगायची हिंमत झाली नाही. मी अंघोळीला गेलो तरी दाराबाहेरून विचारायची. तू तीन वर्षं या घरात पाय ठेवला नाहीस आणि मी दिवसातून दोनशे वेळा तुझी वाट पाहिली असं धर. एके दिवशी मी तिच्या अंगावर ओरडलो. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि मला ‘साहेब’ म्हणाली. “साहेब, मी जाते घरी.” त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी तिला एकटीला वाटेवर सोडायला लागलो.

मला दीड तास हवा होता, ठमे. तिला सांभाळायला बाई ठेवा, असं तू म्हणाली होतीस. मी तिला घेऊन जाते, असंही म्हणाली होतीस. त्यावर मी काय म्हटलं ते आठवतं ना? “मी मेलोय का?” म्हणून तू गेलीस. मग कुठल्या तोंडाने तुला फोन करणार होतो की नाही जमत मला, ये आणि ने तिला? फोनवर एक वाक्य बोलण्यापेक्षा मला त्रेचाळीस बाणांवर विसंबणं सोपं वाटलं.

दीड तासात मी काहीही करत नसे. चहा करायचो आणि गरम असताना प्यायचो, बस. पेपर मांडीवर असायचा, वाचायचोही नाही.

आता जे लिहितो ते मी पोलिसांनाही सांगितलेलं नाही. ती चार चाळीसला यायला हवी होती. मी घड्याळ पाहिलं. ती आली नव्हती. आणि मला काळजी वाटली नाही, मला बरं वाटलं. अजून थोडा वेळ मिळाला, असं वाटलं. मी उठून दुसऱ्यांदा चहा टाकला. जागा होतो, डुलकी वगैरे लागली नव्हती, तेवढीही सबब नाही. खुर्चीतून मी उठलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. पोलीस आले, चक्कीवाला आला, शेजारपाजारचे आले, आणि मी पुढारी झालो. दुसरं काय होणार? माझी वाट, माझे बाण. सगळ्यांना सांगितलं, ती बाणाच्याच दिशेने जाईल, उलट फिरणार नाही, मी शिकवलंय तिला. बुरुजापासून पुलापर्यंतचं झुडूप न् झुडूप आम्ही झोडपलं. चक्कीवाला म्हणाला, “एकदा खाणीकडे बघून येऊ.” मी त्याच्यावर डाफरलो, “वाट मी आखली की तू?” तो बिचारा परत झुडपांकडे वळला. सकाळी सात वाजता तोच मला न विचारता खाणीकडे गेला. ती दगडाला टेकून बसली होती.

थंडीने कधी गेली ती वेळ डॉक्टरांनी सांगितली. ती मी तुला सांगितली नव्हती. आम्ही पागेजवळ झुडपं झोडपत होतो, तेव्हा ती अजून जिवंत होती.

आता सांगून झालं. हलकं वाटेल असं वाटलं होतं. कशाचं काय.

बाबा

११ मार्च

तुझं कार्ड मिळालं. ‘आता काही लिहू नका. मी वाचणार नाही.’ अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं.

बरोबर आहे तुझं. तुझ्या जागी असतो तर मी कार्डही पाठवलं नसतं. स्वेटर तुझ्याकडेच ठेव.

यापुढे लिहीत नाही.

बाबा

१४ एप्रिल

ठमे,

शब्द मोडतोय. फाडायचं असेल तर फाड, पण आधी एकदा वाच. हे पत्र माझ्याबद्दल नाही. तू दारात विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालंय.

साहेबांनी प्रुफं परत मागितली म्हणून परवा अडीच महिन्यांनी त्या वाटेवर गेलो. जाणार नव्हतो, पाय उचलत नव्हता. बुरुजापाशी बाकावर बसलो होतो तर खालून शेळ्या वर आल्या आणि त्यांच्या मागून त्या राखणारी बाई. थंडीत ती खालच्या खोऱ्यात उतरते, आत्ताच परतली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पँटवरच्या पिवळ्या डागांकडे पाहिलं आणि म्हणाली,

“तुम्हीच का ते मागे राहिलेले?”

मला काही कळेना. म्हटलं, “कोण मागे राहिलेले?”

“अहो, त्या राखाडी स्वेटरवाल्या बाईंचे मालक. मी खाली उतरायच्या आदल्या दिवशी भेटल्या होत्या इथे. इथेच बसल्या होत्या, तुम्ही बसलाय तिथे. मी म्हटलं, बाई, एकट्याच? तर म्हणाल्या, एकटी कशाला? आमचे हे मागे राहिलेत. येतो म्हणाले होते मागून, अजून आले नाहीत.”

ठमे, पाच महिने जे ती पूल ओलांडेपर्यंत विसरायची, ते त्या दिवशी तिने बुरुजापर्यंत लक्षात ठेवलं.

मी त्या बाईला विचारलं, पुढे काय म्हणाल्या? सगळं सांगा, जसंच्या तसं. तिला वाटलं म्हातारा विचित्रच आहे. पण शेळ्या चरायला लागल्या होत्या, ती खाली बसली आणि सांगितलं तिने.

“मी म्हटलं, येतील की, बसा निवांत. तर म्हणाल्या, नाही हो, त्यांना नाही जमत. सगळ्यांसाठी बाण काढत फिरतात, पण स्वतःला रस्ता कळत नाही त्यांना. मुलगी शाळेतून यायची वेळ झाली, अंधार पडायच्या आत घेऊन येते त्यांना. उठल्या आणि निघाल्या. काठी राहिली म्हणून मी हाक मारली, पण तोपर्यंत खाली उतरल्या होत्या. चालायला चपळ होत्या हो.”

मग तिने विचारलं, “सापडलात ना मग त्यांना?”

मी हो म्हटलं.

दिशा गेली नव्हती तिची. डॉक्टरांना काही कळत नाही आणि मलाही कळलं नाही. ती चुकून वळली नाही, मला शोधायला वळली. जन्मभर मी पुढे चाललो आणि ती मागे, आणि त्या एका दिवशी मी मागे राहिलोय हे तिच्या लक्षात आलं. घर वीस मिनिटांवर असताना ती माझ्यासाठी फिरली. तिठ्यावर आली तेव्हा तिने बाण शोधला असणार, मी शिकवल्याप्रमाणे. आणि समोर दगडाचं कोरं अंग, मी मुद्दाम कोरं ठेवलेलं. मग ती नाकासमोर चालत राहिली, तेही मीच शिकवलं होतं.

हे तुला कळायला हवं होतं. आई भरकटून मेली असं तू मनात धरून बसली असशील. तसं नाही ते. ती कामाला निघाली होती.

ऑफिसला मी कळवलं की चार नंबरच्या वाटेवर दगडांच्या मागच्या बाजूलाही बाण येणार, तसं वाक्य पुस्तिकेत घाला. साहेब म्हणाले, “अहो, बुरुजापर्यंत आलेला माणूस घराजवळ येऊन ठेपलेला असतो. तिथून मागे कोण वळतं?” वाक्य ते घालणार नाहीत, पण रंग माझा आहे.

काल बुरुजापासून मागचे सगळे बाण काढून झाले, तिठ्यावरच्या दगडावर तर दोन काढले. आज दुपारी मी बुरुजावर गेलो, चार वाजून पंधरा मिनिटं होईपर्यंत, म्हणजे तिच्या चालीने ती तिथून उठली असेल तोपर्यंत, बाकावर बसलो, आणि ती निघाली तसा उलटा निघालो. पिवळं दिसलं की तिकडे, मग पुढचं पिवळं. तिठा, चक्की, पूल, घर. दारात आलो आणि घड्याळ पाहिलं. पाच वाजून वीस मिनिटं.

मी खुर्चीतून उठलो ती वेळ. मागे बाण असते तर ती तेव्हा या दारात आली असती, मी दुसरा कप खाली ठेवत असताना. मला बघून कमरेवर हात ठेवला असता आणि म्हणाली असती, “इथे होय तुम्ही! आणि मी तिकडे शोधतेय.”

बाबा